सेप्सिस: आधी चवताळणाऱ्या, मग थकणाऱ्या पेशी

सेप्सिसमध्ये घात एकटे जंतू करत नाहीत. बेताल झालेली आपलीच प्रतिकारयंत्रणा अवयव निकामी करते.

सगळ्यात आधी धावतात न्यूट्रोफिल. या पांढऱ्या पेशी स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून त्याचं कोळ्यासारखं जाळं विणतात आणि त्यात जंतू अडकवतात! बर्लिनच्या संशोधकांनी हे २००४ मध्ये दाखवलं. मला तर शरीरातली ही सगळ्यात विलक्षण लढाई वाटते. पण सेप्सिसमध्ये जाळी अति होतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात आणि मूत्रपिंड, फुप्फुसांचा रक्तपुरवठा अडतो.

मग प्रतिकाराचा हा अतिरेक, म्हणजेच दाह, दाबला की झालं? दाह भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी औषधं १९९० च्या दशकात आजमावली, निराशाच पदरी आली. कारण अनेक रुग्णांत दाहाबरोबरच उलटंही घडतं: लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येनं मरतात, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, नवा संसर्ग सहज शिरतो. इंटरल्यूकिन-७ हे प्रथिन दिल्यावर एका छोट्या चाचणीत लिम्फोसाइट वाढले. जीव वाचतात हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय.

तोवर उपचार तेच: वेळेत अँटिबायोटिक, सलाइन, ऑक्सिजन, पू काढणं. संसर्गात धाप, भ्रम, लघवी कमी होणं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.