व्हिडिओ स्पर्धेसाठी की गावासाठी?

शाळेच्या प्रकल्पाचा व्हिडिओ आता इतका रुळला आहे की त्याचा साचाही ठरून गेला आहे. सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारी शाळा, पाठीमागे कुठून तरी उतरवून घेतलेले संगीत, मग मुख्याध्यापकांचे दोन शब्द, रोपटे लावणारे हात संथ गतीने आणि शेवटी श्रेयनामावली. विषय प्लास्टिकबंदीचा असो, जुन्या खेळांचा असो की गावच्या उत्सवाचा, तीन-चार मिनिटांत सगळे उरकते. व्हिडिओ स्पर्धेला जातो, प्रमाणपत्र येते, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि फोनमधली जागा भरली की मूळ चित्रीकरण पुसले जाते. यात कोणाचे नुकसान होत नाही असे वाटते, पण होते. गावाची वर्षानुवर्षे, तारीखवार नोंद ठेवू शकेल अशी एकच जागा बहुतेक गावांत असते, ती म्हणजे शाळा. दर वर्षी तिथे नवी मुले येतात, गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराशी तिचा संबंध असतो आणि आता तिच्या हाती कॅमेराही आहे. अशा वेळी मुलांचा व्हिडिओ आधी गावाचा दस्तऐवज असावा, गावातच जपला जावा आणि स्पर्धा वगैरे त्यानंतर यावी, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासून पाहायला गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या पाळीसारखे गाव बरे. पाळी-कोठंबी, वेळगे, सुर्ला, नावेली, आमोणे हा सगळा पट्टा खाणींनी घडवला आणि खाणींनीच उसवला. डोंगर उकरून लोहखनिज काढायचे, ट्रकांनी मांडवीच्या धक्क्यांवर न्यायचे, तिथून बार्जने मुरगाव बंदरात, हा इथला अनेक दशकांचा व्यवहार. 2010-11 साली गोव्याच्या बंदरांतून 5 कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 च्या निकालाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, तर फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चात पुन्हा सगळे ठप्प. मग लिलाव झाले, डिचोलीचा पहिला खाणपट्टा 2022 च्या अखेरीस वेदांत कंपनीकडे गेला आणि 2024 मध्ये तिथे काम पुन्हा सुरू झाले. हा इतिहास न्यायालयांच्या निकालांत, विधानसभेच्या कामकाजात आणि वृत्तपत्रांत नीट सापडतो. सापडत नाही ते दुसरेच. ट्रक बंद झाले तेव्हा गॅरेजवाल्याने काय केले, धूळ थांबल्यावर अंगणात वाळवणे पुन्हा घातली गेली का, कोणत्या वाड्यावरची विहीर कोणत्या महिन्यात आटत होती आणि आता कधी आटते, याची नोंद कोणी ठेवली? बाहेरचे कॅमेरे आले ते आंदोलनाच्या दिवशी. आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी गावात असतात ती शाळेतली मुले.

उदाहरणासाठी माटोळी घ्या. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळे-फुले बांधतात. नारळांचा घोस, सुपारीचा घड, चिबूड, आंबाडे, तोरिंजन हे घरचे झाले. लालभडक कवंडळ, कांगले, पांढऱ्या पानांची शेरवड, वाळली की खुळखुळणाऱ्या घागऱ्या हा मात्र रानचा माल. कला आणि संस्कृती खाते माटोळीची राज्यस्तरीय स्पर्धा घेते, त्यामुळे सजलेल्या माटोळीचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण सजलेली माटोळी हा गोष्टीचा शेवट. एखाद्या सातवीच्या मुलाने चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकाच्या मागून जाऊन कवंडळाचा वेल कुठे सापडला ते चित्रित केले, काकाला तिथेच विचारले की पूर्वी कुठे मिळायचा, आणि काकाने समोरच्या उकरलेल्या डोंगराकडे बोट दाखवले, तर त्या दहा मिनिटांत सणही आला, वनस्पतिशास्त्रही आले आणि खाणीचा इतिहासही आला. काकाने रानात जाणे सोडले असेल आणि सगळा माल डिचोलीच्या माटोळीच्या बाजारातून येत असेल, तर विकणाऱ्या बाईला विचारता येते की हे कुठल्या रानातले. तेही उत्तर तितकेच मोलाचे. यासाठी निवेदकाचा भारदस्त आवाज लागत नाही. कॅमेरा हलू न देणे आणि माणूस बोलत असताना मध्ये न बोलणे एवढे जमले तरी पुरे, आणि खरे तर हेच कठीण असते.

दुसरे उदाहरण विहिरीचे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी येते, ते उपसावे लागते आणि उपसा सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरींवर परिणाम होतो, ही डिचोली-सत्तरीतली जुनी तक्रार. उलट खाणी बंद पडल्या तेव्हा हेच खड्डे पावसाने भरून तळी झाली आणि उन्हाळ्यात त्यांचे पाणी नदीत सोडून नळांना पुरवण्याची वेळ आली. तक्रार खरी किती, कुठे आणि कधीची, हा वाद आकड्यांशिवाय मिटत नाही. गावातल्या एका सार्वजनिक विहिरीत हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सोडायची, पाण्याला लागेपर्यंत गाठी मोजायच्या आणि हे एकाच जागेवरून, एकाच कोनातून, तारीख तोंडाने सांगत चित्रित करायचे. शिक्षकाची किंवा मोठ्या माणसाची हजेरी अर्थातच हवी. व्हिडिओ दीड मिनिटाचा, पाहायला कंटाळवाणा, स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद. पण पाच वर्षांत असे साठ तुकडे जमले तर गावाकडे जे असेल ते आज फार थोड्या गावांकडे आहे.

पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणे हा यातला गाभा. गोव्यातच, हणजूणमध्ये, व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था आहे. तिने 2010 मध्ये इंडियाअनहर्ड हा उपक्रम सुरू केला आणि देशभरातल्या वस्त्यांमधल्या लोकांना स्वतःच्या गावाबद्दल चित्रीकरण करायला शिकवले. त्यांच्या कामात मला सर्वात भावते ती परतफेरी. रस्ता नाही, शिक्षक येत नाही असा व्हिडिओ केला की काम संपत नाही. अधिकाऱ्यांना दाखवायचा, प्रश्न सुटला तर त्याच वार्ताहराने परत जाऊन सुटल्याचा व्हिडिओ करायचा. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने तर 1984 मध्येच भाजी विकणाऱ्या, हातमजुरी करणाऱ्या बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला होता. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांचे काम त्यामुळे अडले नाही. मग फोन हाताळणाऱ्या आठवीच्या मुलीला जमणार नाही असे म्हणणे अवघड आहे.

कल्पना नवी नाही आणि अधिकृत चौकटीबाहेरचीही नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 साठी ‘परिसर आणि शिक्षण’ या विषयावर अभ्यासगट नेमला होता, त्याचे अध्यक्ष होते माधव गाडगीळ. मुलांनी आपल्या परिसराचे प्रकल्प करावेत आणि त्यातून जमलेली माहिती सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवावी, हे त्या गटाने तेव्हाच सांगितले. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. म्हणजे गोव्यातल्या सर्व 191 ग्रामपंचायतींत ती हवी. हरित लवादाने जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्यांची घाई उडाली, आणि घाईत केलेल्या नोंदवहीत गावाचा वास किती उरतो हे सांगायला नको. त्या वहीला जिवंत ठेवण्याचे काम शाळा करू शकते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. म्हणजे वेळही धोरणानेच काढून दिला आहे.

भाषेचा फायदा तर फक्त व्हिडिओतच मिळतो. डिचोली-पेडण्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या, आणि मुलांच्या घरी बोलली जाते ती कोकणी. लेखी प्रकल्पात आजीचे बोलणे मराठीत उतरवताना तिची म्हण जाते, झाडाचे गावठी नाव जाते, वाक्याचा हेल जातो. व्हिडिओत आजी कोकणीत बोलते, नात मराठीत निवेदन करते आणि कोणाला काही सोडावे लागत नाही. गोव्यात भाषेवरून जेवढे भांडण झाले आहे ते पाहता ही सोय लहान नाही.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांच्या ओठांवर असतो: मुले आधीच फोनला चिकटलेली, त्यात शाळेनेच फोन द्यायचा? पण रिळे पाहत बसणे आणि फोन तिपाईवर लावून वीस मिनिटे समोरच्याचे ऐकत बसणे या एकमेकांच्या उलट क्रिया आहेत. पडद्यावर खरा वेळ जातो तो संकलनात, आणि नोंदीच्या व्हिडिओला संकलन जवळजवळ नकोच. कामाच्या ओझ्याची शिक्षकांची तक्रारही इथेच निम्मी सुटते. ड्रोन, संगीत, शीर्षके, तीन मिनिटांची कात्री हा सगळा जाच स्पर्धेचा आहे. शिक्षकांवर निवडणुकीपासून सर्वेक्षणांपर्यंत आधीच इतकी कामे लादली आहेत की आणखी एक सांगताना संकोच वाटतो. म्हणूनच वर्षाला दोन विषय, त्याहून अधिक नकोत.

मुले ऐकीव गोष्टी खऱ्या म्हणून नोंदवतील, असेही म्हटले जाईल. नोंदवतील, आणि चालेल. कोण बोलले, कधी बोलले, स्वतः पाहिले की ऐकले, एवढे तीन प्रश्न विचारले की ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदली जाते. गोवामुक्तीपूर्वीच्या, म्हणजे 1961 आधीच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या चुका नंतर दुरुस्त करता येतील, त्यांचे मौन नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. खाणीच्या गावात धुळीचा व्हिडिओ करणाऱ्या मुलीचा बाप खाणीवर कामाला असू शकतो आणि शेजारच्या घरी दोन ट्रक उभे असू शकतात. मुलांना मोठ्यांच्या भांडणात ओढणे योग्य नाही. इथे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटाचा अनुभव उपयोगी पडतो. 1967 मध्ये सरकार तिथल्या मच्छीमारांना बेटावरून हलवायच्या विचारात होते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या कॉलिन लो यांनी एक मोठा माहितीपट करण्याऐवजी एकेका माणसाचे, एकेका विषयाचे दोन डझनांहून अधिक छोटे चित्रपट केले. जो बोलला त्यालाच आधी दाखवायचे, त्याला नको तो भाग काढायचा, मग बेटावरच्या इतर वाड्यांवर दाखवायचे आणि शेवटी सरकारला. एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या वाड्या त्या पडद्यावर एकमेकांचे ऐकू लागल्या, मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, बेट टिकले. श्रेय एकट्या चित्रपटांचे नव्हे, हे मान्य. पण दाखवण्याचा क्रम शिकण्यासारखा आहे. पाळीतला व्हिडिओही आधी बोलणाऱ्याला, मग शाळेत पालकांना दाखवावा. खाणीमुळे पोट भरले असे सांगणारा ट्रकमालक आणि शेत गाळाने भरले असे सांगणारा शेतकरी दोघेही त्यात हवेत. मुलाने निकाल द्यायचा नाही.

खाजगीपणाबाबत मात्र तडजोड नको. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती लेखी घ्यावीच, पण त्याआधी सोपा नियम करावा: मूल कॅमेऱ्यामागे, मोठी माणसे समोर. मुलांचे चेहरे, नावे, शाळेचा गणवेश इंटरनेटवर जाण्याची गरजच पडत नाही. युट्यूबवर टाकायचेच तर निवडक तुकडे, प्रतिक्रिया बंद ठेवून.

बाकीचे गावात राहू द्या. फोनवरच्या साध्या फुल एचडी चित्रीकरणाला मिनिटाला 60 ते 130 एमबी जागा लागते, म्हणजे एका टेराबाइटच्या हार्डडिस्कवर शंभर तासांहून अधिक मावते. शाळेला वर्षाला दहा तासही पुष्कळ झाले. कोकणपट्टीच्या दमट हवेत व्हिडिओ कॅसेटींना बुरशी लागून घरोघरच्या लग्नांची चित्रे गेली, तेव्हा एकाच प्रतीवर विसंबू नये: एक डिस्क शाळेत, एक पंचायतीत, आणि सोबत साधी वही, जिच्यात तारीख, जागा, बोलणाऱ्याचे नाव, चित्रीकरण करणारा वर्ग आणि पालकांच्या संमतीची खूण असेल. पाळी-कोठंबी पंचायतीला दोन हार्डडिस्क विकत घेणे जड नाही. त्या पंचायतीने घ्याव्यात, जैवविविधता समितीने वहीवर वर्षातून एकदा सही करावी आणि शाळांनी येत्या चतुर्थीआधी पहिला विषय ठरवावा.