झपाटलेला २

झपाटलेला २ : मराठी भयविनोदी चित्रपट. दिग्दर्शक महेश कोठारे. प्रदर्शन ७ जून २०१३. कोठारे यांच्याच झपाटलेला (१९९३) या लोकप्रिय चित्रपटाचा हा उत्तरभाग होय. दोहोंमध्ये वीस वर्षांचे अंतर असल्यामुळे विलंबित उत्तरभागाच्या मूल्यमापनातील प्रश्न समजून घेण्यास तो उपयुक्त ठरतो.

पूर्वभागाची मध्यवर्ती कल्पना चाइल्ड्स प्ले (१९८८) या अमेरिकन भयपटावरून सुचलेली आहे. मृत्युंजय मंत्र अवगत असलेला तात्या विंचू हा गुंड पोलिसांच्या गोळीने मरताना आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो व पुढे शब्दभ्रमकार लक्ष्याच्या देहाचा ताबा घेऊ पाहतो. हा बाहुला रामदास पाध्ये यांनी सिद्ध केला. त्याला आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता. लक्ष्याच्या भूमिकेतील लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयामुळे भय व हास्य यांचा तोल साधला गेला.

बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. त्यामुळे उत्तरभागाचे कथानक लक्ष्याच्या मुलाभोवती गुंफण्यात आले. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे व मधु कांबीकर यांच्याही त्यात भूमिका आहेत. पहिला मराठी त्रिमिती चित्रपट म्हणून त्याचा प्रचार झाला. धडाकेबाज (१९९०) द्वारा मराठीत सिनेमास्कोप आणणाऱ्या कोठारे यांच्या तंत्रप्रेमाशी हे सुसंगतच होते.

अशा चित्रपटाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. पूर्वभाग बालपणी पाहिलेला प्रेक्षक ओळखीची पात्रे शोधतो व बेर्डे यांची उणीव त्याला जाणवते. नव्या प्रेक्षकाला मात्र ही स्मृती नसते, त्याच्यापुरते भय व विनोद पडद्यावरच सिद्ध व्हावे लागतात. बाहुला व त्याचा आवाज जुनाच राहिल्याने खलपात्राचे सातत्य टिकले. पण त्याला तोडीस तोड विनोदी नायक उभा करणे अवघड होते. त्रिमितीमुळे दृश्याला खोली येते, व्यक्तिरेखेला नव्हे.

तुलनेसाठी कर्स ऑफ चकी (२०१३) हा चित्रपट विचारात घेता येईल. चाइल्ड्स प्ले मालिकेतील हा सहावा भाग आधीच्या भागांतील विनोदाकडून पुन्हा भयाकडे वळला. मराठी मालिकेत विनोद हाच मूळ आधार असल्याने तो मार्ग तिला खुला नव्हता. म्हणून विलंबित उत्तरभागाचे परीक्षण करताना पूर्वभागाची लोकप्रियता व प्रस्तुत कृतीचे गुणदोष वेगवेगळे तपासणे आवश्यक ठरते.