डोक्याचं भाडं रोज भरताय, मग शटर बंद का?



परंड्यात गाळा भाड्याने घेतला की शटर उघडा नाहीतर बंद ठेवा, भाडं काही चुकत नाही. आपल्या डोक्यातही असाच एक गाळा आहे.

मेंदूचं वजन साधारण १.४ किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा खातो. विजेच्या हिशोबात दिवसाला साधारण अर्धं युनिट. लोण्यासारखा मऊ, त्यातलं पाणी काढलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त चरबी. चेतापेशी सुमारे ८६ अब्ज. आणि गोडाऊन जवळपास रिकामं! साखर आणि ऑक्सिजन रक्तातून सतत यावाच लागतो.

आता खरी गंमत ऐका. अवघड हिशोब करताना हा खर्च अगदी थोडाच वाढतो. म्हणजे मेंदू हा धंद्याच्या भाषेत स्थिर खर्च. रात्रभर उधारीची चिंता करा किंवा उधारीची यादी करा, बिल जवळपास तेवढंच. पण यादीतून वसुली होते, चिंतेतून होत नाही.

म्हणून दोन गोष्टी पाळा. उपाशीपोटी किंवा अपुऱ्या झोपेत कर्जाच्या कागदावर सही करू नका. आणि उद्या दुकान उघडायच्या आधी २० मिनिटं वही घेऊन बसा. कुणाकडून किती येणं आहे, पहिला फोन कुणाला, एवढंच लिहा.

भाडं तर जातंच आहे. शटर उघडा!