ट्यूमर बोर्डच्या आदल्या रात्री काय चालतं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे, ॲक्च्युअली' तेवढं कापलंय.

मी माकुणसारचा, बीटेक, दिवसभर कोड लिहिणारा. डॉक्टर नाही. पण माझी मामेबहीण कॅन्सर सर्जरीचं शिक्षण घेतेय आणि आठवड्यातली एक संध्याकाळ ती फोनच उचलत नाही. कारण एकच, "उद्या बोर्ड आहे." हे बोर्ड म्हणजे काय आणि आदल्या रात्री ती नेमकं करते काय, हे मी तिच्याकडून नीट समजून घेतलं. त्या कामाचा निम्मा कच्चा माल आपल्या पिशवीतून जातो, म्हणून हा एपिसोड.

आपल्या सफाळे-केळवे पट्ट्यात कोणाला कॅन्सर निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टाटाला न्या." टाटा मेमोरियल परळला १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि हे हॉस्पिटल, दोघांचं खातं एकच! तिथे अवयवानुसार डॉक्टरांचे गट आहेत, त्यांना डिसीज मॅनेजमेंट ग्रुप, थोडक्यात डीएमजी म्हणतात. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले (आपले लोक ज्याला शेक किंवा लाईट देणं म्हणतात ते), सीटी-एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून उपचार ठरवतात. बाकी बऱ्याच ठिकाणी अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. एकत्र बसायचं कारण सरळ आहे. आधी ऑपरेशन की आधी केमो, हा क्रम चुकला तर मागे जाता येत नाही. आमच्याकडे कोड रोलबॅक होतो, जबडा होत नाही.

आता एक काल्पनिक पेशंट घेऊ. ५२ वर्षांचे काका, वाडीत काम करणारे, बरीच वर्षं तंबाखू, डाव्या गालाच्या आत न भरणारी जखम. फाईल हातभर जाड. बोर्डात त्यांच्या वाट्याला येणार काही मिनिटं. त्या फाईलची दोन मिनिटं करायचं काम शिकाऊ डॉक्टरचं.

ताई म्हणते, "अरे, फाईल वाचून दाखवायची नसते, प्रश्न विचारायचा असतो." 'यांचं काय करायचं?' हा तिच्या लेखी प्रश्नच नाही. 'कॅन्सर जबड्याच्या हाडात शिरलाय का, आणि शिरला असेल तर हाड किती काढायचं?' हा प्रश्न. मला लगेच आमचे बग रिपोर्ट आठवले. 'ॲप चालत नाही' एवढंच लिहिणारे आणि कोणता फोन, काय दाबलं, काय दिसलं हे लिहिणारे. दुसऱ्याचं काम आधी होतं.

प्रश्न एकदा ठरला की त्याला लागणारा पुरावा शोधायचा. इथे आपली पिशवी येते.

पहिली गोष्ट सीडी. सीटी स्कॅनची फिल्म खिडकीला लावून काढलेला व्हॉट्सॲप फोटो जवळजवळ निरुपयोगी, आणि हे माझ्या क्षेत्रातलं असल्यामुळे थोडं सांगतो. सीडीत डायकॉम फाईल असतात. त्यात प्रत्येक बिंदूला आकडा असतो, पाणी शून्य, हवा उणे हजारच्या आसपास, हाड बरंच वर. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट तीच प्रतिमा कधी हाडासाठी, कधी मांसासाठी वेगवेगळ्या 'विंडो'त बघतो. फोटोत मात्र कोणीतरी आधीच निवडलेली एकच छटा उरते. काकांच्या हाडाचा प्रश्न त्यावर सुटणार कसा? म्हणून ताई आदल्या रात्री सीडी उघडून बघते. उघडत नसेल तर सकाळी धावपळ, आणि तरीही नाही उघडली तर केस पुढच्या बैठकीला. काकांची माकुणसारहून आलेली एक खेप वाया.

दुसरी गोष्ट ब्लॉक. बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे कागद. खरा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात असतो, त्यातून पातळ काप काढून काचेच्या स्लाइड बनतात. मोठ्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट बाहेरची स्लाइड स्वतः पुन्हा बघतात, आणि आणखी काही तपासायचं असेल तर ब्लॉक लागतो. जिथे बायोप्सी झाली तिथून दोन्ही मागून घ्या. मेण आहे, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

तिसरं काम ताईचं स्वतःचं: तोंडात बघून मोजणं. तोंडाच्या कॅन्सरची स्टेज पूर्वी मुख्यतः जखमेच्या आकारावर ठरायची. सध्याच्या टीएनएम पद्धतीत, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, ती किती खोल गेलीय हेही मोजतात. पाच आणि दहा मिलिमीटर या दोन रेषा महत्त्वाच्या. मानही चाचपायची. मानेत काहीच लागत नसलं तर? याच प्रश्नावर टाटामध्येच मोठी चाचणी झाली, २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. सुरुवातीच्या स्टेजच्या रुग्णांमध्ये मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ आल्यावर काढू म्हणून थांबले त्यांच्यात ६७.५ टक्के. परळमध्ये मिळालेलं हे उत्तर आता जगभर वापरतात.

मग माणूस. बीपी, शुगर, आणि क्रिएटिनिन, कारण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीवर जड जातं. दातही. जबड्यावर रेडिएशन द्यायचं असेल तर किडलेले दात आधी काढतात, नंतर काढले तर हाड भरून येत नाही असं होऊ शकतं. आणि काका स्वतः चालत वाडीत जातात की दिवसभर खाटेवर असतात? याला शून्यापासून मोजायची इकॉग नावाची पट्टी आहे. इथे घरचे लोक हटकून "एकदम ठणठणीत आहेत हो" म्हणतात. ताईचा याच्यावर राग आहे. उपचार झेपतील का हे या एका आकड्यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून खरं सांगा.

शेवटची ओळ ती नेहमी लिहिते, वरिष्ठांनी विचारो न विचारो: राहतात कुठे, सोबत कोण, खर्चाचं काय. ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, आणि मग आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. तोंडात फोड, घशाखाली घास उतरत नाही, अशा माणसाने रोज सफाळ्याला गाडी धरून विरारला बदलायची? कागदावर उत्तम प्लॅन असतो आणि पेशंट तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद होतो. म्हणून समाजसेवा विभागाला आधीच गाठायचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड पिशवीत ठेवायचं, आणि परळची नाना पालकर स्मृती समिती किंवा वांद्र्याचं बोर्जेस होम अशा ठिकाणी राहायला जागा मिळते का हे बोर्डच्या आधीच विचारायचं.

बोर्डात ठरलेलं फाईलमध्ये लिहिलं जातं. ते काकांना आणि काकूंना मराठीत समजावून सांगायला पुन्हा ताईच जाते. तेव्हा दोन प्रश्न विचाराच: "बोर्डासमोर आमचा प्रश्न काय होता, आणि काय ठरलं?"