सही करण्याआधी

आमच्या भोपाळात फाइलला ‘नस्ती’ म्हणतात. माझ्या वडिलांना हा शब्द शेवटपर्यंत पचला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं सामानसुमान बांधून इकडे आली. त्यातलं एक आमचं. मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. इथे वस्त्यांची नावंसुद्धा आकड्यांत असतात: बाराशे पन्नास, अकराशे क्वार्टर, सहा नंबर, साडेदहा नंबर. अशा गावातली मुलगी हिशेबनीस झाली, यात नवल कसलं? चौतीस वर्षं सरकारी लेखा शाखांमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर एका शिबिरात नव्या नगरसेविकांना अंदाजपत्रक समजावून सांगायला बोलावलं. “दोन तासांचं काम आहे, मॅडम,” म्हणाले होते. ते दोन तास काही वर्षं पुरले.

पहिल्या दिवशी खोलीत वीस-बावीस बायका होत्या आणि मागच्या रांगेत सात-आठ पुरुष. ओळखी सुरू झाल्या. एका वॉर्डाचा नंबर आला तेव्हा मागून एक गृहस्थ उठले आणि “मी या वॉर्डाचा पार्षद” असं हिंदीत सांगून मोकळे झाले. नगरसेवकाला इकडे पार्षद म्हणतात. मी यादी पाहिली, नाव बाईचं. “पार्षद कौन है, भैया?” त्यांनी पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची बायको डोक्यावरचा पदर सावरत खाली बघत होती. “मग तुमचा चहा बाहेर ठेवलाय,” मी म्हटलं. ते हसले, मी विनोद केला असं समजून. मी हसले नाही. पाच मिनिटांनी मागची रांग रिकामी झाली.

आमच्याकडे ‘एसपी’ म्हणजे सरपंच पती, हा विनोद इतका जुना झालाय की आता त्यावर कुणी हसत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर सागर आणि दमोह जिल्ह्यांतल्या दोन पंचायतींत निवडून आल्या बायका आणि शपथ घेतली नवऱ्यांनी, दीर-वडिलांनी. छायाचित्रं देशभर फिरली, चौकशा लागल्या. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र लगेच नाक मुरडू नये. आपल्याकडे ग्रामपंचायतीत सरपंचबाईंची खुर्ची असते आणि मोबाइल त्यांच्या यजमानांच्या खिशात असतो, हे चित्र कुणी पाहिलं नसेल तर हात वर करा.

तर शिबिर. कायद्याची कलमं सांगून झोपा आणण्यापेक्षा मी प्रत्येकीच्या हाती एक नोटशीट दिली. नोटशीट म्हणजे नस्तीच्या डाव्या बाजूचे ते कागद, ज्यावर कारकुनापासून वरपर्यंत सगळे आपापली टीप लिहीत जातात आणि शेवटी सहीसाठी जागा राहते. माझ्या हातची, बनावट होती ती. एका गल्लीतल्या नालीच्या कामाची. टिपेत लांबी १२० मीटर, सोबत जोडलेल्या माप पुस्तिकेच्या पानावर ८० मीटर. बिल अर्थातच १२० चं. “वाचा आणि योग्य वाटलं तर सही करा,” एवढंच सांगितलं.

बहुतेकींनी सही केली. काहींनी तर न वाचताच. सही कुठे करायची ते मात्र सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं. घरून तेवढं शिकवून पाठवलं होतं.

एक बाई मात्र बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत राहिली. आठवी शिकलेली, जुन्या शहराकडच्या एका वस्तीत तिची आटाचक्की. तिच्या साडीच्या काठाला पिठाची पांढरी रेघ अजून होती. तिने कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “मॅडम, इथे एकशे वीस लिहिलंय, तिथे ऐंशी. मधली चाळीस मीटर नाली गेली कुठे?”

वर्ग शांत झाला. मी चौतीस वर्षं हेच काम केलं आणि माझ्या हाताखालच्या पदवीधर मुलांना ही चूक दिसत नसे. तिला कशी दिसली? ती म्हणाली, रोज गहू घेताना तोलते आणि पीठ देताना तोलते, घट किती यायला हवी ते हाताला कळतं. त्या दिवसापासून तिचं नाव चक्कीवाली दीदी पडलं. अंदाजपत्रकाचं माझं भाषण मी तिथेच गुंडाळलं आणि उरलेला वेळ आम्ही फक्त बिलं तपासली.

मला काय सांगायचंय ते सांगते, पण जरा मागून येते.

बाईने राज्य चालवणं ही भोपाळला नवलाची गोष्ट नाही. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, चार बेगमांनी हे संस्थान सांभाळलं: कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतानजहाँ. त्यातल्या कुदसिया बेगमने शहराला नळाचं पाणी दिलं. सुलतानजहाँ बेगमच्या काळात, १९०७ मध्ये, शहराची पहिली नगरपालिका उभी राहिली, नाव ‘मजलिस-ए-इंतजामिया’. पुढे कित्येक दशकं नगर निगमचं कार्यालय होतं तेही शाहजहाँ बेगमने बांधलेल्या सदर मंझिलमध्ये. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेले की ते खांब आणि कमानी बघून मला वाटायचं, पाणीपट्टी भरायला लोक महालात येतात! पण बेगमा गादीवर जन्माने आल्या. शहरातल्या बाकीच्या बायकांच्या हाती नस्ती यायला पुढे जवळजवळ सात दशकं जावी लागली.

ती आली १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने. एक तृतीयांश जागा बायकांना. त्यानंतर पंचायतीच्या निवडणुका घेण्यात मध्य प्रदेशाने देशात पहिला नंबर लावला, १९९४ मध्ये. पुढे इथे आरक्षण निम्म्यावर गेलं, महाराष्ट्रात ते २०११ मध्ये झालं. भोपाळच्या ८५ वॉर्डांतल्या निम्म्या जागा आज बायकांसाठी आहेत. महापौरपदावर विभा पटेल, मग २००९ मध्ये कृष्णा गौर, मग २०२२ मध्ये मालती राय अशा तिघी बसल्या. २००९ चा उन्हाळा आम्हा भोपाळकरांच्या चांगला लक्षात आहे. मोठा तलाव इतका आटला होता की लोक कुदळ-फावडी घेऊन तळातला गाळ काढायला गेले. पाणी एक दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गौरबाई निवडून आल्या. पहिला प्रश्न काय होता ते सांगायला नको. आज या महापालिकेचं अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या वर आहे. २०२२ मध्ये राज्यातल्या १६ महापालिकांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी महापौर बाई झाली, ग्वाल्हेर आणि मराठी वस्तीचं बुऱ्हाणपूर धरून.

आकडे झाले. आकड्यांनी बाई नेता होत नाही, हे मी आकड्यांवर पोट भरलेली बाई सांगते आहे.

भोपाळात हे सगळ्यांत नीट ओळखलं ते निर्मला बुच यांनी. मध्य प्रदेशाच्या पहिल्या महिला मुख्य सचिव. दोन वर्षांपेक्षा कमी काळ त्या पदावर होत्या, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम त्याबाहेरचं आहे. ‘महिला चेतना मंच’ या भोपाळच्या संस्थेतून त्यांनी पंचायतीतल्या बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. गावोगाव जाऊन. निवडून आलेली बाई म्हणजे नवऱ्याची बाहुली, हे सरसकट मत त्यांना मान्य नव्हतं. बाई पहिल्या वर्षी गप्प असते, तिसऱ्या वर्षी बोलते, असं त्यांना दिसत होतं. मलाही शिबिरात तेच दिसायचं.

त्यांनी लावून धरलेला दुसरा प्रश्न तर अधिक बोचणारा होता. २००१ पासून मध्य प्रदेशात नियम आला: तिसरं मूल झालं की पंचायतीचं पद गेलं. कागदावर किती शहाणा नियम! मूल किती होऊ द्यायचं हे ज्या बाईच्या हाती कधीच नव्हतं, पद मात्र तिचं जायचं. बुच यांनी पाच राज्यांत फिरून अभ्यास केला तेव्हा काय निघालं? कुणी तिसरं मूल दत्तक देऊन टाकलं, कुणी गर्भ पाडला, कुठे नवऱ्याने पद वाचवायला बायकोलाच सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात हा नियम योग्य ठरवला होता. तरी २००५ मध्ये मध्य प्रदेशाने तो रद्द केला. महाराष्ट्रात तो आजही आहे. आपण पुरोगामी, त्यामुळे त्यावर फारसं कुणी बोलत नाही. बुचबाई २०२३ मध्ये गेल्या.

आमच्या राज्याची आणखी एक गंमत सांगते. नगराध्यक्षाला लोकांनी परत बोलवायची सोय इथल्या कायद्यात आहे. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की मतदान होतं आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: एक रिकामी खुर्ची, एक माणूस बसलेली खुर्ची. ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’. हा प्रयोग पहिल्यांदा अनूपपूरला झाला, २००१ मध्ये, आणि जिची खुर्ची रिकामी केली ती नगराध्यक्षा बाईच होती. ते चित्र मी शिबिरात फळ्यावर काढायचे. बायका हसायच्या. पण बाईची खुर्ची रिकामी करायला एवढा खटाटोप लागतच नाही. आरक्षणाची सोडत पुरते.

मला सांगायचंय ते हे. सोडत दर निवडणुकीला फिरते. ज्या वॉर्डात यंदा बाई, तिथे पुढच्या खेपेला बहुधा ‘खुली’ जागा आणि आपल्याकडे ‘खुली’ याचा अर्थ पुरुषांची. बाई पहिलं वर्ष नस्ती ओळखण्यात घालवते, दुसऱ्या वर्षी इंजिनिअर तिला टाळायला लागतो (ही चांगली खूण आहे), चौथ्या वर्षी ती निविदेतल्या अटी वाचून प्रश्न विचारते आणि सहाव्या वर्षी ती घरी. आमच्या लेखा शाखेत कुणी असा कारभार केला असता, दर पाच वर्षांनी शिकलेला माणूस काढून नवखा बसवला असता, तर ऑडिटने फाडून खाल्लं असतं.

याला पुरावा आहे आणि तो मुंबईचा आहे. रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका ताडून पाहिल्या. जे वॉर्ड १९९७ मध्ये महिला राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता दोन्ही वेळी खुल्या असलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. म्हणजे मतदाराला एकदा बाईच्या कामाची सवय झाली की तो पुन्हा मत देतो. अडतं ते पक्षाच्या तिकिटापाशी.

आरक्षणाच्या आधीची एक वाट आमच्याच राज्यात आहे, इंदूरची. चिपळूणच्या साठ्यांची मुलगी लग्न होऊन महाजनांच्या घरी आली, १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत निवडून गेली, दोन वर्षांनी उपमहापौर झाली. १९८९ पासून आठ वेळा खासदार, २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष. सुमित्राताईंच्या पक्षाशी तुमचं पटो न पटो, वॉर्ड ते सभापतीची खुर्ची हा रस्ता त्या चालल्या कारण त्यांना मधे कुणी घरी बसवलं नाही. एक शिडी, पुढचं पाऊल, पुन्हा पुढचं. किती जणींना मिळते ती?

चक्कीवाल्या दीदीला मिळाली नाही. तिच्या कारकिर्दीत तिने तीन बिलं परत पाठवली. त्यातल्या एकासाठी महिनाभर घरात अबोला होता, कारण ठेकेदार दिराच्या ओळखीचा. पाच वर्षं संपली, वॉर्ड खुला झाला, तिकीट दिराच्या मित्राला गेलं. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या चक्कीवर गेले होते, ज्वारी दळायला. इकडे ज्वारीची भाकरी खाणारे आम्ही थोडेच, दळताना तिला दगड साफ करावा लागतो आणि ती त्याचे दोन रुपये जास्त घेते. मी बसले होते तेवढ्यात दोघे जण आले. एकाच्या गल्लीत नाली तुंबली होती, दुसऱ्याला संबल या असंघटित मजुरांच्या सरकारी योजनेच्या कार्डाचा अर्ज भरायचा होता. नवा पार्षद दोन गल्ल्या पलीकडे राहतो. ते आले चक्कीवर. तिने हात पुसले, एकाचा अर्ज वाचला, दुसऱ्याला कुणाकडे जायचं ते सांगितलं आणि मग माझं पीठ तोललं.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये यायला हवी. तिच्या वॉर्डाची सोडत काय निघते ते तेव्हा कळेल. पण वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात जी बाई पाच वर्षं काम करून खुल्या जागेवर पुन्हा उभी राहायचं म्हणते आहे, तिचं तिकीट कापलं जाऊ देऊ नका. पक्षाच्या कार्यालयात जाऊन विचारा, का कापलं म्हणून. लेखी विचारा आणि पोच घ्या.