पाटसचे ढवळीकर आणि आपली तापी

पुरातत्त्वज्ञ म्हटलं की आपल्याला सोन्याचा हंडा शोधणारा माणूस आठवतो. डॉ. मधुकर केशव ढवळीकर (१९३०-२०१८) आयुष्यभर शोधत राहिले ते साध्या माणसाचं घर.

पुणे जिल्ह्यातल्या पाटसचा जन्म. डॉक्टरेट अजिंठ्यावर. चित्रांतली वस्त्रं, दागिने, भांडी पाहून त्या काळचा संसार कसा होता, हे त्यांनी मांडलं. कापडाच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचायला विशेष गोडी वाटते. वेरूळचं कैलास लेणं कोणत्या टप्प्यांत घडलं, याचाही त्यांनी शैलीवरून अभ्यास केला.

पुढे डेक्कन कॉलेजात असताना डॉ. सांकलिया आणि डॉ. अन्सारी यांच्यासोबत घोडनदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. १९६८ ला सुरू झालेलं काम १९८३ पर्यंत चाललं आणि त्याचा ग्रंथ १९८८ मध्ये आला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात दगावलेलं मूल दोन रांजणांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. आईपासून लांब नको, असंच त्यांना वाटत असेल का?

आपल्या गुजरातेतही ते आले. १९८७ ते १९९० या काळात मोरबीजवळ कुंतासी इथं हडप्पाकालीन बंदर आणि मणी घडवणाऱ्यांच्या कार्यशाळा उजेडात आल्या. दगडाला पैलू पाडणाऱ्या सुरतेला ही मंडळी परकी कशी वाटतील?

माझी भाची यंदा बारावी झाली. तिला हाच विषय घ्यायचा आहे. "पोट भरेल का?" हा घरातला पहिला प्रश्न. प्रश्न खोटा नाही. या क्षेत्रात जागा थोड्या, उन्हातान्हातलं काम आणि फळाला पंधरा-वीस वर्षं. ढवळीकरांना पद्मश्री मिळाली ती २०११ साली, ऐंशी ओलांडल्यावर. पण 'भारताची कुळकथा', 'महाराष्ट्राची कुळकथा' अशी पुस्तकं त्यांनी तुमच्या-माझ्यासाठी सोप्या मराठीत लिहिली, हीसुद्धा कमाईच नाही का?

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५० पासून आहे; सुरतेहून गाडीने दोन-अडीच तास. आणि आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव खानदेशात. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला तिथल्याच तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव मिळालं आहे. तीच तापी आपल्या नानपुऱ्यावरून समुद्राकडे जाते. घरातल्या एखाद्या मुलाला तिच्या काठची माती वाचावीशी वाटली, तर निदान त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.