शस्त्रक्रियेनंतरचें चालणें

अंतर्गळाची शस्त्रक्रिया करवून घरीं आलेल्या वृद्धास एकत्र कुटुंबांत मोठा जाच होतो तो प्रेमाचा! सुना पाण्याचा तांब्याहि उचलूं देत नाहींत. कांहीं आठवडे जड वस्तु उचलूं नये हें खरेंच. पण चालणें वर्ज्य नव्हे. पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीति असते, म्हणून हल्लींचे शस्त्रवैद्य रोग्यास लवकरच उभा करितात. हें घरांत पटवून देण्यांत माझा आठवडा गेला.

जुन्नरास अंतर मीं झाडांनीं मोजलें. फाल्गुनांत पहिली मजल पांगाऱ्यापर्यंत, दुसरी सांवरीपर्यंत. पळसाशीं पोंचावयास मात्र पंधरा दिवस लागले. त्याचें फूल पोपटाच्या चोंचीसारखें वांकडें; म्हणूनच संस्कृतांत तो ‘किंशुक’, ‘हा पोपट तर नव्हे?’ असा. हीं तिन्ही झाडें फुलतांना बहुधा निष्पर्ण असतात. सांवली मुळींच नाहीं. तेव्हां उन्हें चढण्यापूर्वींच परतावें.

शिवनेरीची सात दरवाजांची वाट अद्याप दूर आहे. वैशाखांत आंबेगांव तालुक्यांत, घोडेगांवीं मुलीकडे गेलों. तिनें अंगणांत खुर्ची मांडून ठेविली होती. विहीणबाई म्हणाल्या, “ओढ्याकांठीं बहावा फुललाय, पाहून या,” आणि हातीं काठी दिली.